नदीकाठची नावे आणि सरकारी दप्तर

किनाऱ्यावरच्या गावांची नावे म्हटली की आपल्या अभ्यासकांची दृष्टी कोकणाकडे वळते. परंतु ज्या मुलखाला समुद्राचा वाराही लागत नाही, त्या चांदा-गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशालाही काठ आहेत, घाट आहेत, संगम आहेत, आणि तेथील नावांत पाण्याचा जो इतिहास साठला आहे तो सागरतीरीच्या नावांहून तसूभरही उणा नाही.

त्यात मला सर्वांत मोलाचे वाटते ते 'तुकूम'. आज चंद्रपुरातील ही एक गजबजलेली वस्ती. पण गोंड राजांच्या अमदानीत जो कोणी जंगल तोडून तलाव बांधील, त्याला त्या तलावाखाली भिजणारी जमीन सनदेने मिळत असे, आणि त्या वहिवाटीला तुकूम म्हणत. एका शब्दात जलसिंचनाचे अख्खे राजधोरण सामावले आहे, आणि त्या वस्तीत राहणाऱ्या किती मुलांना शाळेत ते सांगितले जाते?

वर्धेकाठच्या बल्लारपुराने बल्लाळ राजघराण्याची स्मृती जपली. इरई-झरपटीच्या संगमाशी वसलेल्या चांद्याचे मात्र १९६४ साली चंद्रपूर झाले, आणि जुने नाव 'चांदा फोर्ट' या रेल्वेस्थानकाच्या पाटीवर उरले. दक्षिणेकडे वर्धा-वैनगंगेची प्राणहिता होते, तेथून पुढे आलापल्ली, एटापल्ली ही नावे तेलुगू 'पल्ली' अंगी बाळगून उभी आहेत, तर भामरागडाशी पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती एकत्र येतात. आणि या साऱ्या प्रदेशात गोंडी, माडिया, तेलुगू व मराठी या भाषा शतकानुशतके शेजाराने नांदत आल्या आहेत.

ताडोबाच्या अरण्यातील बोटेझरीचे उदाहरण मला अस्वस्थ करते. व्याघ्रप्रकल्पासाठी ते गाव उठले, लोक भगवानपूर या नव्या वस्तीत आले. पुनर्वसनाची गरज मी नाकारीत नाही, परंतु ज्या नावात झरी वाहत होती त्याच्या जागी कोठेही शोभेल असे नाव आले, ही हानी कोणत्याही मोबदल्याच्या तक्त्यात मांडली जात नाही.

हा केवळ भावनेचा प्रश्न नव्हे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. असा दावा मांडताना गावाची पारंपरिक सीमा अमुक नाल्यापासून तमुक बोडीपर्यंत (लहान तळ्यापर्यंत), या डोहापासून त्या पहाडीपर्यंत, अशी नावानिशी सांगावी लागते, आणि निस्तारपत्रकात, म्हणजे गावाच्या वापरहक्कांच्या नोंदीत, किंवा नकाशात तेच नाव कारकुनाच्या कानाला जसे ऐकू आले तसे उतरले असेल, तर खरा वहिवाटदार आपल्याच हद्दीत परका ठरण्याचा धोका असतो.

म्हणून माझे आग्रहाचे म्हणणे असे, की दोन्ही जिल्ह्यांच्या महसूल खात्याने प्रत्येक मौजाच्या ग्रामसभेकडून नाले, डोह, बोड्या व घाट यांची नावे गोंडी-माडिया उच्चारासह देवनागरीत लिहून घ्यावीत, ती दप्तरात अधिकृतपणे नोंदवावीत, आणि ग्रामसभेच्या ठरावावाचून कोणत्याही पुनर्वसित गावाचे नाव बदलू नये. आरंभ इंद्रावती आणि प्राणहितेच्या काठापासून व्हावा. तेथील वृद्ध माणसे आज हयात आहेत, आणि विचारणारा भेटला तर ती सांगतीलही.