सातबारा नाही, मग वांगी कुणाची?

सध्या एक नवा मंत्र कानावर पडतोय. रानात उरलेला माल सडू देऊ नका, मोबाईलवर टाका, जवळचं गिऱ्हाईक येऊन घेऊन जाईल. अडत्या नको, दलाल नको. ऐकायला झ्याक वाटतं. मी काही ॲपचा वैरी नाही. यंत्राला जात नसते म्हणणारे म्हणोत, पण यंत्रात कुठले रकाने भरायचे ते ठरवणाऱ्याला असते.

‘उरलेलं’ हा शब्द आम्हाला नवा नाही. पिढ्यान् पिढ्या गावाचं उरलेलंच आमच्या वाट्याला आलं. येसकराची शिळी भाकर, मेलेलं ढोर. आता आमच्या रानात चार पाट्या वांगी जास्तीची निघाली, तर गाव विचारतं, कुठल्या वस्तीची? दुधाचं तर बोलायलाच नको.

सरकारचा ई-नाम १४ एप्रिल २०१६ ला सुरू झाला. तारीख बघा! बाबासाहेबांच्या जयंतीचा मुहूर्त. आज १,३०० हून जास्त बाजार समित्या त्याला जोडल्यात. पण रीत काय? माल समितीच्या गेटावर न्या, लॉट नोंदवा, प्रत तपासून घ्या, मग पडद्यावर बोली. २० किलो वांगी घेऊन तालुक्याच्या गेटावर कोण जाणार? टेम्पोचं भाडंच मालाच्या वर जातं. म्हणून जवळच्या जवळ विकायचं ॲप हवंच. इथवर मी त्यांच्या सोबत आहे.

गोची पुढं आहे. मराठवाड्यात आमची किती तरी घरं गायरान कसतात. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांना घेऊन सत्याग्रह केले, तुरुंग भरले, ते जमिनीसाठीच. १९९१ साली सरकारनं कागद काढला, १४ एप्रिल १९९० च्या आधीची दलित-आदिवासींची अतिक्रमणं नावावर करू म्हणून. (पुन्हा १४ एप्रिल! मुहूर्ताला सरकार पक्कं आहे.) किती जणांच्या नावावर झाली ते तलाठ्याच्या दारात उभं राहून विचारा. २०२२ साली तर गायरानं मोकळी करा म्हणून नोटिसाच आल्या. कसतो आम्ही, सातबाऱ्यावर नाव सरकारचं. मग ई-पीक पाहणीत पीक चढत नाही. हमीभावाच्या केंद्रावर तूर घेत नाहीत. १५ एप्रिल २०२५ पासून शेतीच्या योजनांना फार्मर आयडी सक्तीचा झाला, तोही सातबाऱ्यावरूनच निघतो. घाम खरा, माल खरा, शेतकरी तेवढा खोटा!

आमच्या तालुक्यात एका कंपनीचा पोरगा असलंच ॲप घेऊन आला. बोलायला गोड. वस्तीतल्या एका बाईनं वांग्याची पाटी त्याच्या पुढ्यात ठेवली. तो म्हणाला, “मावशी, सातबाऱ्याचा फोटो टाका.” ती म्हणाली, “बाबा, वांगी दिसंनात का तुला?”

तर माझं म्हणणं असं. वांगी विकायला वांगी दाखवावीत. मालाचा फोटो, वजन, फोन नंबर, बास. सातबारा मागायचा नाही. आणि आडनावाचा रकाना काढून टाका. गावाला आमची आळी माहीत आहे, पण तालुक्याच्या हॉटेलवाल्याला ती ॲपनं कशाला सांगावी?

दुसरं म्हणजे गिऱ्हाईक. ते आमच्याच घरचं आहे, कुणी बघत नाही. समाजकल्याणच्या वसतिगृहात आमची पोरं जेवतात. ठेकेदार मोंढ्यातून स्वस्तातली उतरलेली भाजी आणतो, पोरं पाणचट कालवणात भाकर बुडवतात, आणि सात-आठ मैलांवर त्यांच्याच आयांची मिरची बांधावर लाल होऊन गळते. फोन जोडायचा तर हे दोन टोकं जोडा. अंगणवाडी आहे, शाळेची खिचडी आहे. रोज भाजी लागते, रोजचा पैसा सुटेल. काटा आणि छोटा हत्ती वस्तीतल्या बायांच्या गटाकडं राहिला पाहिजे, नाहीतर दलाल गेला आणि कंपनी आली एवढंच होईल.

जूनमध्ये वसतिगृहं उघडतील. त्याआधी भाजीचा ठेका कुणाला आणि काय भावानं जातोय ते विचारायला समाजकल्याणच्या कचेरीवर जायचंय. ज्यांच्या रानात माल आहे त्यांनी पाटी घेऊनच यावं.