गाडीचं नाक

मोटार घेताना माणूस टायरला लाथ मारून बघतो, बॉनेट उघडून आतल्या नळ्यांकडे जाणकार चेहऱ्याने पाहतो, डिकीत किती पोती मावतील याचा अंदाज घेतो आणि शेवटी लिंबू-मिरची बांधून गाडी घरी आणतो. पुढे दहा वर्षं तो तिला धुतो, पुसतो, रात्री अंगावर पांघरूण घालतो. पण या गाडीत बसून आपण आणि आपली बायकामुलं जी हवा खातो ती येते कुठून, हा प्रश्न त्याला पडत नाही. हवा एसीतून येते, असं त्याचं ठाम मत असतं. दूध पिशवीतून येतं, पाणी नळातून येतं आणि पगार बँकेतून येतो, त्यातलंच हे!

अहो, एसी हवा तयार करत नाही. तो असलेली हवा गार करतो. समोरच्या काचेच्या पायथ्याशी, वायपर झोपतात तिथे, जाळी असते. आतला पंखा तिथून बाहेरची हवा ओढतो आणि ती आपल्या तोंडावर येण्याआधी एका घड्याघड्यांच्या चौकोनी गाळणीतून जाते. आतलीच हवा फिरवायचं बटण दाबलं, तरी बहुतेक गाड्यांत ती याच गाळणीतून फिरते. गॅरेजवाले हिला ‘एसी फिल्टर’ म्हणतात. इंजिनाचा एअर फिल्टर वेगळा. तो इंजिनाच्या छातीसाठी, हा आपल्या. इंजिनाचा फिल्टर लोक आठवणीने बदलतात, कारण इंजिन महाग पडतं.

तर हा एसी फिल्टर कधी बदलावा, याबाबत आमच्या हिंगोली जिल्ह्यात तीन पक्ष आहेत. जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला, पण या तीन पक्षांचं मतैक्य अजून झालेलं नाही. माझं भांडण तिघांशीही आहे.

पहिला पक्ष पुस्तकवाल्यांचा. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात कुठे १०,०००, कुठे १५,०००, कुठे २०,००० किलोमीटर असा आकडा असतो. हे लोक तो आकडा आरतीसारखा पाठ म्हणतात. बी.कॉम.ला आम्हाला घसारा काढायची सरळ रेषेची पद्धत शिकवली होती. टेबल दहा वर्षं टिकणार असं एकदा ठरलं, की दरवर्षी दहा टक्के लिहून टाकायचे. त्या टेबलावर कोणी पेपर वाचतो की कोणी उभं राहून पंखा पुसतो, याच्याशी हिशेबाला कर्तव्य नाही. खतावणीत हे चालतं. फुप्फुसं खतावणीत ठेवलेली नसतात.

आणि मुळात फिल्टरचा किलोमीटरशी संबंध काय? किलोमीटर चाकं मोजतात. फिल्टर भरतो तो पंख्याने ओढलेल्या हवेने. हळदीच्या मार्केट यार्डाबाहेर ट्रॅक्टरच्या रांगेमागे तासभर गाडी उभी करा, एसी चालू ठेवा. किलोमीटर शून्य; फिल्टरच्या पोटात मात्र तासाभराचा माल जमा.

शिवाय पुस्तक लिहिणाऱ्याने आमचं पंचांग पाहिलेलं नाही. आमच्याकडे धुळीचे हंगाम असतात. दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीनची रास सुरू होते. मळणीयंत्र जो भुसा उडवतं तो शेताची, गावाची आणि पुढल्या गावाची हद्द मानत नाही. त्यानंतर हळद. ती शिजवायची, वाळवायची आणि ढोलात घालून फिरवायची, म्हणजे वरची साल निघून पिवळाधमक गोळा हाती लागतो. निघालेली साल भुकटी होऊन हवेत जाते. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिच्या धुळीला ते अजून मिळायचं आहे. मग उन्हाळा, काळ्या मातीच्या वावटळी, आणि कुठे ना कुठे रस्त्याचं काम. पुस्तकातही एक ओळ असते म्हणा, ‘धुळीच्या भागात फिल्टर लवकर बदलावा’ अशी. ती कर्जाच्या अर्जातल्या अटींइतक्या बारीक अक्षरांत छापलेली असते. लवकर म्हणजे किती, ते लिहीत नाहीत. आणि धुळीचा भाग म्हणजे कोणता? तर आम्ही!

दुसरा पक्ष ‘बदलला सायेब’ म्हणणाऱ्यांचा. हे लोक सर्व्हिसिंगच्या बिलात दर वेळी फिल्टर लावतात. एका ठिकाणी मी बिल घेतलं आणि जुना फिल्टर दाखवा म्हटलं. “तो टाकून दिला की सायेब, कचराय तो!” घरी येऊन कप्पा उघडला, तर कचरा आत सुखरूप होता, कडुनिंबाची दोन पानं आणि एका माशीचं पार्थिव यांच्यासह. वाईट सगळेच नसतात. काही प्रामाणिकपणे बदलतात. पण चांगला असला तरी बदलतात. दोन्हींत न पाहण्याचा दोष एकच. आम्ही काउंटरवर बसणारी माणसं बंडलावरची चिठ्ठी वाचून कॅश घेत नाही. चिठ्ठीवर शंभर नोटा लिहिलेल्या असोत, आम्ही मोजतो. मग ही एकच वस्तू अशी काय सोवळ्यातली, की तिला मालकाने बघायचंच नाही?

तिसरा पक्ष सर्वांत लोकप्रिय. “सायेब, काहून पैसे घालायलाव? हवा मारून देतो, नव्यावानी होतंय!” हवा मारल्यावर वरची धूळ उडते, त्यामुळे बघणाऱ्याला बरं वाटतं. धाग्यांत रुतलेली बारीक धूळ तिथेच राहते आणि जोराच्या झोताने धागे मात्र फाटतात. म्हणजे गाळणीला भोकं पाडून ती मोकळी झाली म्हणायचं. काही जण तो धुऊन दोरीवर वाळत घालतात. कागदी फिल्टर ओला झाला की त्याचा पापड होतो. याच पक्षातले वडीलधारे सांगतात, “आम्ही काय फिल्टर लावून वाढलो? एसटीच्या खिडकीत बसून धूळ खाल्ली!” खरं आहे. पण एसटीच्या एका खिडकीतून आलेली धूळ दुसरीतून जात होती. इथे काचा वर, दारं बंद, आणि पंखा थेट नाकावर रोखलेला.

विनोद इथे जरा बाजूला ठेवतो. आमच्याकडे मोठ्या डॉक्टरकडे जायचं म्हणजे नांदेड. दम्याच्या आजीला मागच्या सीटवर बसवतात, धूळ नको म्हणून काचा लावतात, एसी वाढवतात. दीड-दोन तास ती माउली गेल्या तीन हंगामांची कुबट धूळ छातीत घेते. डॉक्टर तपासून सांगतात, “आजी, धुळीत जात जाऊ नका.” सगळे माना डोलावतात आणि तिला पुन्हा त्याच पेटीत बसवून घरी आणतात.

आणि हे घडतं कुठे? ज्या जिल्ह्यात औंढ्याजवळ ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा व्हायची आहे तिथे! एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तिला चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असणार, आणि त्यांतल्या नळ्यांमधली जवळजवळ सगळी हवा उपसून काढावी लागणार, म्हणजे लेसरच्या वाटेत काही आडवं येणार नाही. लेसरच्या किरणाची एवढी बडदास्त! आजीसाठी मात्र चारपाचशे रुपयांचा फिल्टर जड होतो.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच, की फिल्टर कधी बदलायचा हे फिल्टरला विचारा. वर्षातून दोनदा विचारा: सोयाबीनची रास आटोपल्यावर दिवाळीच्या सुमारास एकदा, आणि मृग लागायच्या आत एकदा, कारण साठलेल्या धुळीला पावसाळी ओल लागली की गाडीला धान्याच्या बंद कोठीसारखा वास येतो. बहुतेक गाड्यांत डाव्या सीटसमोरचा कप्पा रिकामा करायचा, दोन्ही बाजूंनी आत दाबून खाली सोडायचा. मागे एक पट्टीवजा झाकण दिसतं. ते काढलं की फिल्टर हातात येतो. तो उजेडात धरा. घड्या भरल्या असतील, पलीकडचा उजेड दिसत नसेल, कुबट वास येत असेल, तर मुहूर्त पाहू नका, बदला. पंखा चारवर ठेवून वारा दोनचा येत असेल, तर हंगामाचीही वाट पाहू नका. स्वच्छ असेल तर तसाच परत लावा आणि पुस्तकवाल्यांना रागावू द्या. फिल्टरच्या कडेला बाण असतो. तो हवेच्या वाटेने ठेवायचा. काही स्वस्त मॉडेलांत फिल्टरची जागा असते, पण फिल्टर नसतो. तुमच्या कप्प्यामागे नुसतं भोक निघालं, तर दचकू नका. नावावर खातं आहे, शिल्लक नाही, एवढंच समजायचं आणि भरणा करायचा.

या सगळ्याला पाच मिनिटं लागतात. टायरला लाथ मारायला त्याहून कमी लागतात, हे मला मान्य आहे. पण टायर आपण नाकाने ओढत नाही.