स्टॉपर उशिरा पिकतो, तोवर त्याला सांभाळणार कोण?

परवा मुलुंडच्या एका ओळखीच्या गृहस्थांचा फोन आला. पोरगा बारावीला. म्हणाले, "दादा, तुम्ही पेपरवाले, तुम्हाला माहीत असेल. याला फुटबॉलमध्येच राहू देऊ का? स्टॉपर खेळतो." मी म्हटलं, विचार करून सांगतो. त्यांच्यासारखे बरेच आईबाप ही भिंत वाचतात, म्हणून उत्तर इथेच देतोय.

राहुल भेके हे नाव आठवतंय? १९९० साली मुंबईत जन्मलेला आपला पोरगा. १७ मार्च २०१९, अंधेरीचं क्रीडा संकुल, आयएसएलची फायनल, बेंगळुरू विरुद्ध गोवा. नव्वद मिनिटांत गोल नाही. जादा वेळेत ११७व्या मिनिटाला देल्गादोचा कॉर्नर, भेकेचं हेडर आणि कप बेंगळुरूचा! मुंबईच्या पोराने मुंबईतच फायनल मारली, पण अंगात जर्सी दुसऱ्या शहराची.

त्याआधी तो कोलकात्यात ईस्ट बंगालला, मग केरळा ब्लास्टर्स, पुणे सिटी असा फिरून बेंगळुरूला पोचला होता. घरच्या मुंबई सिटीत आला २०२१ साली, तिशीत. एप्रिल २०२२ मध्ये रियाधला इराकच्या एअर फोर्स क्लबविरुद्ध त्याच्याच हेडरवर मुंबई सिटी २-१ने जिंकली. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबचा तो पहिला विजय. मे २०२४ मध्ये कोलकात्यात मोहन बागानला ३-१ हरवून कप आणला, तेव्हा कॅप्टन हाच. मग पुन्हा बेंगळुरू. मार्च २०२५ मध्ये छेत्री निवृत्तीतून परतला त्या मालदीवविरुद्धच्या सामन्यात भारताचा पहिला गोल भेकेचा.

आता वय मोजा. अंधेरीला २८, रियाधला ३१, कप उचलताना ३३, मालदीवविरुद्ध ३४. स्ट्रायकर विशीत चमकतो. स्टॉपर मार खाऊन, चुका करून, उशिराच पिकतो. मग अठरा ते अठ्ठावीस ही दहा वर्षं त्याचं घर कशावर चालायचं?

पूर्वी मुंबईत याला उत्तर होतं. एअर इंडिया, ओएनजीसीसारखे खात्यांचे संघ होते. खेळ संपला तरी नोकरीची आशा असायची. २०१३ साली क्लब परवान्याच्या निकषांवर हे दोन्ही संघ आय-लीगमधून बाहेर गेले. महिंद्रा युनायटेड त्याआधीच, २०१० साली बंद झालं. मुंबई एफसी २०१७ मध्ये संपलं. भेके खेळला ते पुणे सिटीही २०१९ मध्ये गेलं. आणि उरलेल्यांचा भरवसा काय? २०२५ साली लीगच अडकली, तेव्हा बेंगळुरूसारख्या क्लबने खेळाडूंचे पगार थांबवले. डिसेंबरात मुंबई सिटीची परदेशी मालक कंपनीही बाहेर पडली. भेकेसारख्या नावाजलेल्या खेळाडूच्या क्लबात ही गत, तर मुलुंडच्या पोराचं काय?

म्हणजे खेळू नको म्हणायचं का? नाही. भेके घडला तो कुणीतरी खेळू दिलं म्हणूनच. पण जिद्द पोराने दाखवायची, जोखीम बापाने घ्यायची आणि कप आला की फोटोला पुढारी, हे बस झालं.

अंधेरीचं संकुल पालिकेचं आहे, आपल्या करातून चालतं. आपल्या नगरसेवकाला दोनच प्रश्न विचारा. उपनगरातल्या पोरांना वर्षात किती दिवस तिथे खेळायला मिळतं? आणि पालिकेत, बँकांत, सरकारी कंपन्यांत फुटबॉलपटूंच्या किती जागा खरोखर भरल्या जातात? उत्तर मिळालं तर कमेंटमध्ये टाका, मी छापतो.

मुलुंडच्या दादांना एवढंच सांगेन, पोराला खेळू द्या. बारावी मात्र नीट करून घ्या. सध्या त्याच्या मागे उभा असलेला स्टॉपर तुम्ही एकटेच आहात.