सोंवळा विली

सोंवळ्या माणसाची पारख त्याच्या कपाळावरून किंवा गळ्यांतल्या माळेवरून होत नाहीं. दुसऱ्याचे दोष तो कोणत्या पायलीनें मोजतो आणि स्वतःचे कोणत्या, हें पाहावें. अशा माणसाचें हुबेहूब चित्र एका शेतकऱ्यानेंच काढून ठेविलें आहे. तो शेतकरी आपल्याकडील नव्हे. स्कॉटलंड देशांतील रॉबर्ट बर्न्स हा तो होय.

बर्न्स १७५९ सालीं जन्मला. बाप दुसऱ्याची जमीन खंडानें करणारा. तो राबराबून १७८४ सालीं मेला. त्याच सुमारास रॉबर्ट व त्याचा धाकटा भाऊ गिल्बर्ट यांनीं मॉखलिन गांवाजवळची ११८ एकर जमीन खंडानें घेतली. ती ज्याच्याकडून घेतली तो गॅव्हिन हॅमिल्टन हा गांवांतला वकील.

त्या काळीं तिकडे गांवोगांव चर्चची पंचायत असे. पाद्री आणि गांवांतील कांहीं ‘वडील’ मिळून ती बसे. रविवारीं चर्चला कोण आला नाहीं, कोणाच्या पोरीस लग्नाआधीं दिवस गेले, याची ती चौकशी करी, साक्षी घेई, आणि दोषी ठरलेल्यास भर चर्चमध्यें साऱ्या गांवासमोर उभें करी. बर्न्सवरही १७८६ सालीं हा प्रसंग आला. हॅमिल्टनवर आरोप काय? तो चर्चला येत नाहीं, रविवारीं प्रवासास निघाला, घरांत नित्य प्रार्थना करीत नाहीं. चोरी नाहीं, मारामारी नाहीं, कोणाची जमीन गिळली असेंही नाहीं! त्यानें वरच्या धर्मसभेकडे दाद मागितली आणि १७८५ सालीं निकाल त्याच्या बाजूनें लागला. पंचायतीची हौस मात्र फिटली नाहीं. १७८७ सालीं तिनें त्याला पुन्हां धरलें, कां तर त्यानें रविवारीं गड्याकडून बागेंतले बटाटे खणविले.

त्या पंचांत विल्यम फिशर नांवाचा एक वडील होता, तोही शेतकरीच. पहिल्या निकालानंतर बर्न्सनें एक कविता लिहिली. तींत ‘सोंवळा विली’ रात्रीं एकटाच प्रार्थनेस बसला आहे. तो देवाचे आभार मानतो. कां, तर देवानें एकाला स्वर्गांत व दहांना नरकांत धाडण्याचें आधींच ठरविलें आणि त्या एकांत आपल्याला घातलें. करणीचा यांत कांहीं संबंध नाहीं. निवड जन्माआधींच झालेली! हा हिशेब आमच्या वाचकांस नवा वाटणार नाहीं. मग विली आपलीं पापें सांगतो. परस्त्रीपाशीं गेलों, पण त्या दिवशीं दारू प्यालों होतों. आणि हा कांटा देवानेंच अंगांत ठेविला असेल, एरव्हीं आपल्याला पुण्याचा गर्व झाला असता! इतकी सूट स्वतःस घेतल्यावर स्वारी हॅमिल्टनकडे वळते. तो पितो, पत्ते खेळतो, आणि तरी लोकांना आवडतो. ही शेवटची गोष्ट विलीला फार झोंबते. म्हणून तो देवास विनवितो, त्याच्या कोबीला व बटाट्याला तुझा शाप लागो. शेवटीं स्वतःसाठीं इहलोकींची बरकत आणि परलोकींची कृपा दोन्ही मागून घेतो.

यांत एक बारकावा आहे. विलीला आम्ही ढोंगी म्हणणार नाहीं. ढोंग्याला आपलें ढोंग ठाऊक असतें. लोक पाहात आहेत म्हणून तो सोंग आणतो. येथें पाहाणारें कोणी नाहीं आणि विली जें बोलतो तें त्याला खरें वाटतें. ढोंगी माणूस पकडला गेला तर निदान खालीं मान घालतो. विली पकडला गेला तर पकडणारालाच पापी ठरवील.

आतां खऱ्या फिशरविषयीं. १७९० सालीं दारूबद्दल त्याचीच कानउघाडणी झाली. गरिबांच्या पेटींतले पैसे त्यानें खाल्ले, असा बोभाटा पुढें बर्न्सनेंही केला, पण तें शाबीत झालेलें नाहीं. कवितेंतील बायकांचा मजकूरही पुरावा म्हणून धरतां येत नाहीं. १८०९ सालीं हिमवादळांत तो एका खड्ड्यांत मरून पडला. दोनशें वर्षें झालीं तरी जग त्याला ‘सोंवळा विली’ म्हणूनच ओळखतें. हॅमिल्टनला निदान वरची धर्मसभा होती. कवितेवर फिशरला दाद मागायला जागा नव्हती. कविता आम्हांस आवडते, पण हें लपवून तिची वाहवा करणें आम्हांस पसंत नाहीं.

तथापि बर्न्सनें ती १७८६ सालच्या आपल्या पुस्तकांत घातली नाहीं. ती हातोहात फिरली, आणि १७८९ सालीं छापली गेली तीही नांवावांचून. या कवितेवरून पंचायत तीनदां बसली, असें त्यानेंच एका पत्रांत लिहिलें आहे. विलीच्या तोंडीं नुसता शाप होता तोंवर हंसण्यावारी नेतां येत होतें. त्याच्या हातीं पंचायत होती, ही खरी अडचण.

ती अडचण आमच्या घरांतही आहे. भटाच्या सोंवळ्याला नांवें ठेवणारे आमचेच जातपंच सोयरिकीवरून घर वाळींत टाकतात, दंड मागतात, मयताला खांदा देऊं देत नाहींत. महाराष्ट्रांत सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ सालीं कायदा झाला व तो २०१७ पासून लागू आहे. बहिष्कार घालणारास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत, आणि गुन्हा दखलपात्र आहे. ज्यांच्यावर असा प्रसंग येईल त्यांनीं फिर्यादींत बैठकीची तारीख, हजर पंचांचीं नांवें आणि मागितलेल्या दंडाचा आंकडा अवश्य लिहावा. ‘ही देवाचीच इच्छा’ असें पंच बोलले असतील तर तेंही लिहावें.