आधी मोबाइल काढून घेऊ नका
डबा खाताना वर्गातल्या मुलीचा फोटो काढला जातो, त्याचा स्टिकर होतो आणि रात्री अकराला तो दहावीच्या ग्रुपवर फिरू लागतो. पूर्वीची चिडवाचिडवी शाळा सुटली की थांबायची. ही घरात, अंथरुणापर्यंत येते. तरी मुलगी चकार शब्द काढत नाही, कारण घरचं पहिलं वाक्य तिला पाठ असतं: ‘आण तो मोबाइल इकडे!’ छळ दुसऱ्यानं करायचा आणि शिक्षा हिनं भोगायची, हा कुठला न्याय? आईबाप घाबरून असं करतात, हे मला कळतं. पण त्यानं पोरं गप्प होतात आणि त्रास देणाऱ्याचं फावतं. आधी ऐकून घ्या. चॅट डिलीट करू नका. तारीख, वेळ, समोरच्याचं यूजरनेम दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, मगच ब्लॉक करा. प्रकरण अश्लील फोटोचं असेल, तर तो ‘पुरावा’ म्हणूनसुद्धा कुणाला पाठवू नका, फक्त लिंक टिपून ठेवा. १८ वर्षांखालच्या मुलांची अशी चित्रं पसरवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब खाली गुन्हा आहे. पहिल्याच वेळी ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गंमत म्हणून फॉरवर्ड करणाऱ्या मित्रांनाही हे घरी बसवून सांगायला हवं. केंद्राच्या सायबर गुन्हे पोर्टलवर मुलांविषयीची अशी तक्रार नाव न देताही करता येते. आणि घरी बोलायची हिंमतच होत नसेल, तर १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक मुलं स्वतः, रात्रीअपरात्रीही, फुकट फिरवू शकतात.