मध, खोकला आणि एका वर्षाची रेघ

लहान मुलाचा खोकला दिवसभर कुठंतरी लपून बसतो आणि रात्री साडेबाराला बाहेर पडतो, हा घरोघरचा अनुभव आहे. मग घरात दोन पक्ष पडतात. आजीचा पक्ष फडताळातली मधाची बाटली काढतो. आईवडिलांचा पक्ष औषधांच्या डब्यातली, गेल्या पावसाळ्यात उरलेली लाल बाटली काढतो. मध नैसर्गिक आहे, त्यानं अपाय होईलच कसा, असं एका पक्षाचं म्हणणं. सिरप कारखान्यात मोजूनमापून केलेलं असतं, त्यानं गुण येणारच, असं दुसऱ्याचं. आजोबा नावाचा तिसरा पक्ष कानावर उशी घेऊन पडून राहतो. वयामुळे मी या तिसऱ्या पक्षात जमा आहे. पण छत्तीस वर्षं बँकेत काढल्यामुळे एक खोड राहिली आहे, ती म्हणजे कागद पाहिल्याशिवाय सही करायची नाही. आणि या भांडणाचे कागद गेल्या काही वर्षांत चांगलेच जमले आहेत.

त्यातला पहिला महत्त्वाचा कागद २००७ सालचा, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाचा. डॉ. इयन पॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सर्दीमुळे रात्री खोकणारी २ ते १८ वर्षांची १०५ मुलं निवडली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे तीन गट पाडले. एका गटाला झोपण्यापूर्वी अर्धा तास मध दिला. दुसऱ्याला खोकल्याच्या सिरपात सर्रास असणारं डेक्स्ट्रोमेथॉर्फन, तेही मधाच्या स्वादाचं. तिसऱ्याला काहीच नाही. रात्र कशी गेली हे आईवडिलांनी आकड्यांत सांगायचं होतं. मध पहिला आला. सिरपाचा गट मात्र काहीच न घेतलेल्या गटापेक्षा ठामपणे म्हणता येईल इतका पुढे गेला नाही. २०१२ साली इस्रायलमध्ये १ ते ५ वर्षांच्या ३०० मुलांवर याहून काटेकोर परीक्षा झाली. तीन प्रकारचे मध आणि चौथा मधासारखाच दिसणारा खजुराचा पाक. कुणाला काय मिळालं हे ना डॉक्टरांना ठाऊक, ना आयांना. मधाची मुलं अधिक सुधारली. पण खजुराच्या पाकाचीही सुधारलीच!

हा शेवटचा तपशील मला फार आवडतो. याच डॉ. पॉल यांनी २०१४ साली आणखी लहान मुलांवर केलेल्या परीक्षेत तर नुसत्या चवदार पाण्यानंही काहीच न देण्यापेक्षा बरं वाटल्याचं आईवडिलांनी नोंदवलं. म्हणजे सर्दीचा खोकला आपला आपण उतरत असतो आणि मध्यरात्री हातात चमचा असला की आईचाही जीव थोडा खाली पडतो. मधाचा गुण यापेक्षा काकणभर अधिक आहे, इतकंच. आजीनं त्याहून मोठा दावा करू नये.

आता लाल बाटलीकडे वळू. गुण नसता आणि अपायही नसता, तर कुणी तक्रार केली नसती. पण पातळ औषध ज्या द्रवात कालवतात, त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंडं निकामी करणारं विष मिसळलं जाण्याचा इतिहास जुना आहे. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात या विषानं दूषित झालेल्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले. पुढे न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगानं त्या प्रकरणात यंत्रणेची लक्तरं उघड्यावर टांगली. मी तेव्हा बँकेत नवा होतो आणि वर्तमानपत्रातलं ते वर्णन वाचताना, आता असं पुन्हा होणार नाही असं आम्हा सगळ्यांनाच वाटलं होतं. २०२२ साली पश्चिम आफ्रिकेतल्या गांबिया देशात सुमारे ७० मुलं गेली आणि जागतिक आरोग्य संघटनेनं भारतात बनलेल्या सिरपांबाबत इशारा दिला. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची वीसहून अधिक मुलं गेली. त्यांतली कितीतरी उपचारासाठी आपल्या नागपुरात आणली होती. त्या सिरपाच्या तपासणीत हे विष ४८.६ टक्के निघालं. मर्यादा ०.१ टक्का आहे. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य महासंचालनालयानं सांगितलं की खोकल्याची सिरपं २ वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत आणि ५ वर्षांखालीही साधारणतः नकोत. ज्या खोकल्याला औषधाची गरजच नव्हती त्यासाठी ही मुलं गेली, हे मनातून जात नाही.

मग आजी जिंकली का? थांबा. मध म्हणजे काय, ते आधी पाहू.

नोकरीची काही वर्षं मी सातारा जिल्ह्याच्या डोंगराळ भागातल्या एका शाखेत होतो. मधपेट्यांसाठी कर्ज मागायला आलेल्या एका मधपाळाला मी तारण काय, असं विचारलं. “साहेब, वीस हजार कामगार आहेत, एकही रजा मागत नाही,” असं त्यानं ऐकवलं. ते कामगार होते सातेरी माश्या. कड्यावर टांगलेली आग्या माशीची पोळीही त्यानंच मला लांबून दाखवली. तोवर मध हा फुलात तयार मिळतो आणि माशी तो फक्त वाहून आणते, अशी माझी, म्हणजे बहुतेक सुशिक्षितांची असते तशीच, समजूत होती.

फुलात असतं ते साखरेचं पातळ पाणी. माशी ते पोटातल्या वेगळ्या पिशवीत भरते. तिच्या डोक्यातल्या ग्रंथींतून त्यात इन्व्हर्टेज नावाचं पाचक द्रव्य मिसळतं आणि साध्या साखरेचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. पोळ्यात एक माशी दुसरीच्या तोंडात, दुसरी तिसरीच्या तोंडात असा तो थेंब फिरतो. मग माश्या पंखांनी वारा घालून त्यातलं पाणी वीस टक्क्यांच्या आतबाहेर आणतात. इतक्या घट्ट साखरेत जंतू सुकूनच मरतो. शिवाय माशी ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं आणखी एक द्रव्य घालते. त्यामुळे मध आंबट होतो आणि पाणी लागून सैल झाला की त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होऊ लागतं. हो, जखम धुण्यासाठी आपल्या घरी बाटलीत असायचं तेच. २०१० साली ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी मधात डिफेन्सिन-१ हे प्रथिन दाखवून दिलं. माशी स्वतःच्या शरीरात जंतूंशी लढायला जे वापरते, तेच ती मधातही ठेवते. थोडक्यात, ‘रसायन नको, मध द्या’ या वाक्याला अर्थ नाही. मध हे कीटकानं केलेलं रसायनच आहे, आणि ते त्यानं स्वतःच्या पोळ्यासाठी केलं आहे, आपल्या नातवंडांसाठी नाही.

या सगळ्या शस्त्रागारातून एक गोष्ट मात्र सुटते. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू. जंतू मरतो, पण त्याचा बीजाणू जाड कवचात झोपून राहतो. मधातही तो वर्षानुवर्षं तसाच राहू शकतो. मोठ्या माणसाच्या आतड्यात आधीच इतर जंतूंची दाट वस्ती असते, त्यामुळे त्याला थारा मिळत नाही. तान्ह्या बाळाच्या आतड्यात जागा रिकामी असते. तिथं तो उगवतो आणि नसांचे संदेश अडवणारं विष तयार करतो. आधी बद्धकोष्ठ, मग पापण्या जड, रडणं क्षीण, दूध ओढण्याचं बळ नाही, मान आणि हातपाय सैल. शेवटी श्वासाचे स्नायूही थकतात.

१९७६ साली कॅलिफोर्नियात हा आजार प्रथम ओळखला गेला आणि त्या दशकाच्या अखेरीस मधाचा संबंध पुढे आला. पुढे तिथल्याच १२२ बाळांवर एका प्रतिविषाची परीक्षा झाली, तिचे निष्कर्ष २००६ साली छापले गेले. साध्या शुश्रूषेवर बाळ सरासरी ५.७ आठवडे रुग्णालयात राहत होतं, प्रतिविषानं ते २.६ आठवड्यांवर आलं. चांगल्या रुग्णालयात पोचलेली बहुतेक बाळं वाचतात. पण वाचणं म्हणजे काही आठवडे नाकातल्या नळीवर, कधी कृत्रिम श्वासावर. ही सोय आपल्या तालुक्याच्या गावी कितपत आहे, ते तुम्हाला ठाऊक आहे.

“आम्ही चार मुलं मध चाटवून वाढवली, काही झालं नाही.” हे वाक्य मी अनेक घरांत ऐकलं आहे आणि ते खोटं नाही. हा आजार दुर्मीळ आहे. शिवाय बहुतेक बाळांच्या पोटात हे बीजाणू मधातून नव्हे, मातीधुळीतूनच जातात. पण धूळ टाळता येत नाही, मध टाळता येतो. आमच्या धंद्यातही हजार कर्जांत एखादंच बुडायचं. तरीही ज्या कर्जातून व्याजच मिळणार नाही, ते कुठला शहाणा अधिकारी मंजूर करील? पहिल्या सहा महिन्यांत बाळाला आईच्या दुधाशिवाय कशाचीच गरज नसते आणि वर्षाच्या आत मधानं साधतं असं काही नाही. जमेची बाजू कोरी आहे. नावेच्या बाजूला रक्कम क्वचित पडते, पण पडली की मोठी पडते. सोन्याच्या अंगठीनं बाळाच्या जिभेला मध लावायचा असेल, तर ती अंगठी नुसतीच टेकवावी. गुटीचं चाटण मधातच उगाळायला हवं, असंही नाही, आणि तान्ह्याला गुटी द्यायचीच का, हे बालरोगतज्ज्ञाला विचारावं.

वर्ष उलटल्यावर मात्र झोपण्यापूर्वी अर्धा-एक चमचा मध द्यायला हरकत नाही. आणि चमचा हातात घेण्याआधी मुलाचा सदरा वर करून छातीकडे पाहावं. १ ते ५ वर्षांचं मूल शांत असताना मिनिटाला ४० किंवा त्याहून अधिक श्वास घेत असेल, बरगड्यांखाली छाती आत ओढली जात असेल, तर तो सर्दीचा खोकला नव्हे. तिथं मधही नको आणि सकाळची वाटही पाहायला नको.

हे सांगायचं कुणी? अंगणवाडीत, लसीकरणाच्या दिवशी सांगावंच, पण तोवर बारसं होऊन गेलेलं असतं. बाळंतिणीला घरी सोडताना रुग्णालय जो कागद देतं, त्यावर औषधांच्या वेळा असतात, पुढच्या तपासणीची तारीख असते. त्यातच एक ओळ ठळक मराठीत छापावी: बाळाला एक वर्ष होईपर्यंत मध देऊ नये. आणि तो कागद बाळाच्या आईच्या हाती न देता, शेजारी पिशवी घेऊन उभ्या असलेल्या आजीच्या हाती द्यावा, वाचून दाखवून.