कानाची शाळा, डोळ्यांची मुलं

‘त्याच्या भल्यासाठीच सांगतेय, विशेष शाळेत घाला.’ डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलाच्या आईवडिलांना हे इतक्यांदा ऐकावं लागतं की ते झोपेतही म्हणून दाखवतील. बोलणारं माणूस बहुधा दुष्ट नसतं, म्हणूनच त्याचा पूर्वपक्ष नीट मांडायला हवा. वर्गात पन्नास मुलं, बाई एकट्या. याला शिकवलेलं कळत नाही. याच्याकडे लक्ष द्यावं तर बाकीची मागे पडतात.

‘कळत नाही’पासून सुरुवात करू. बाकीचं सगळं त्याच्याच खांद्यावर उभं आहे.

तिसरीच्या एका वर्गात मी मागच्या बाकावर बसले होते. बाई म्हणाल्या, ‘‘वही काढा, तारीख घाला, चाळिसावं पान उघडा, दुसरा प्रश्न सोडवा.’’ सगळी डोकी खाली गेली. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलीनं वही काढली आणि ती बाईंकडे बघत बसली. ‘‘बघितलंत?’’ बाई मला म्हणाल्या. बघितलं ना! चारातली पहिली सूचना तिनं पाळली होती, पुढच्या तीन तिच्यापर्यंत टिकल्याच नव्हत्या. कानावर पडलेलं क्षणभर धरून ठेवणं या मुलांना जड जातं, त्यात अनेकांच्या मधल्या कानात द्रव साठून ऐकूही कमी येतं. डोळ्यांनी पाहिलेलं त्यामानानं पक्कं बसतं. आणि आपली शाळा? पाढे, श्रुतलेखन, सूचना, ओरडा, सगळं कानावाटे. परीक्षा घ्यायची कानाची आणि नापास करायचं डोक्याला!

दुसऱ्या दिवशी बाईंनी फळ्यावर वहीचं चित्र काढलं, खाली तारीख, ४० आणि २. मुलगी चाळिसाव्या पानावर पोचली. (प्रश्न सुटला नाही, खोटं कशाला सांगू?) एरवी शेजाऱ्याच्या वहीत डोकावणारी पाच-सहा पोरंही त्या दिवशी फळ्याकडे बघून कामाला लागली. बाकीची मागे पडतात ती अशी!

१९८० साली इंग्लंडमधल्या पोर्ट्समथच्या मानसशास्त्रज्ञ स्यू बकली यांना एका वडिलांचं पत्र आलं. डाऊन सिंड्रोम असलेल्या आपल्या मुलीला ते तिसऱ्या वर्षापासून वाचायला शिकवत होते आणि वाचता वाचता तिचं बोलणं सुधारत होतं. आधी बोलू दे, मग वाचायचं बघू, हा आपला क्रम इथे उलटा पडतो. मराठीत तर याला फारच अर्थ आहे. आपले प्रत्यय उच्चारात निसटतात. मूल ‘शाळा जायचं’ म्हणतं, कारण ‘शाळेत’मधला ‘त’ त्याच्या कानात ठरतच नाही. कार्डावर लिहिला की तो दिसतो, बोट ठेवता येतं.

बकली आणि सहकाऱ्यांनी पुढे हॅम्पशायरमधल्या, डाऊन सिंड्रोम असलेल्या किशोरवयीन मुलांची तुलना केली. सर्वसाधारण शाळेतली मुलं विशेष शाळेतल्यांपेक्षा बोलण्यात दोन वर्षांहून अधिक आणि लिहिण्यावाचण्यात तीन वर्षांहून अधिक पुढे होती. जिवलग मैत्रीच्या बाबतीत मात्र विशेष शाळेतल्यांचं बरं चाललं होतं. हे आमच्या, म्हणजे साध्या शाळेचा आग्रह धरणाऱ्या बाजूचे लोक सांगायचं टाळतात. टाळू नये. नुसतं शेजारी बसवल्यानं दोस्ती होत नाही. आणि पटावर नाव घालून मुलाला वर्षभर मागच्या बाकावर रंगखडू देऊन ठेवणं, त्याला तर मी समावेशन म्हणणारच नाही. तसली शाळा दाखवून कुणी ‘बघा, जमत नाही’ म्हणत असेल, तर जे केलंच नाही ते फसलं कसं?

राहिली एकट्या पडण्याची बाईंची तक्रार. ती शंभर टक्के खरी आहे. २०२१ साली रजनीश कुमार पांडे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं प्राथमिक स्तरावर विशेष गरजा असलेल्या दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण सांगितलं. विशेष शाळांमध्ये साठलेलं कसब साध्या वर्गात आणायचा रस्ता तोच. मग विशेष शिक्षकाच्या रिकाम्या जागेबद्दलची तक्रार मुलाच्या नावावर का टाकायची? शेजारची शाळा की विशेष शाळा, ही निवड २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानं मुलाकडे दिली आहे, मुख्याध्यापकांकडे नाही. शिवाय त्याला काढलं तरी बाईंसमोर एकोणपन्नास उरतातच.